अण्णांचा आवाज आणि विलायती खुर्ची

शांतिनाथ मगदुमांचं नाव ठेवणाऱ्या आत्याने बाळाचं रडणं ऐकलं नसावं. ऐकलं असतं, तर एवढं शांत नाव तिच्या तोंडून निघालं नसतं.

शुक्रवार पेठेच्या मागच्या अंगाला चिंचेखालची गल्ली आहे. गल्लीच्या तोंडाशी मगदुमांची पिठाची गिरणी. वडील होते तेव्हापासूनची. पट्ट्याच्या फडफडाटात "जोंधळं कुनाचं? गहू कुनाचा?" असं ओरडून ओरडून शांतिनाथअण्णांचा घसा असा काही तयार झाला, की पुढे गिरणी बंद असतानाही त्यांना हळू बोलता येईना. बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, ते कुणाच्या कानात काही सांगायचे आणि बाहेर चपला काढणाऱ्याला ते कळायचं. आपल्या घरचं भांडण गल्लीला ऐकू जातं याची त्यांना लाज वाटत नसे. गल्लीला तेवढंच चांगलं मराठी ऐकायला मिळतं, असं त्यांचं म्हणणं.

असा आवाज वाया जाऊ देईल ते कोल्हापूर कसलं? गणपतीत इथे नुसती मूर्ती बसवून कुणाचं समाधान होत नाही, सजीव देखावा लागतो. मांडवात स्टेज बांधायचं, गल्लीतल्याच माणसांना दाढ्यामिशा चिकटवून त्यावर उभं करायचं, आणि त्यांचे संवाद आधीच स्टुडिओत जाऊन भलत्याच कुणाच्या आवाजात भरून आणायचे. स्टेजवरचा माणूस नुसतं तोंड हलवतो, आवाज स्पीकरमधून येतो. तोच खेळ संध्याकाळपासून पुन्हा पुन्हा, नवी गर्दी आली की पुन्हा. चिंचेखालच्या तालमीच्या देखाव्याला आवाज अण्णांचा, हे इतकी वर्षं चाललं होतं, की दुसरं काही असू शकतं हे गल्ली विसरून गेली होती. किल्लेदार अण्णा, फितूर अण्णा, यमदूत अण्णा, हुंडा मागणारा सासरा अण्णा. ‘झाडं वाचवा’च्या देखाव्यात कुऱ्हाडीखाली विव्हळणारा वडही अण्णाच. महापुराच्या दुसऱ्या वर्षी तर "मी पंचगंगा बोलते आहे!" हेसुद्धा त्यांनीच गर्जून सांगितलं. नदीला मिशा असतात की काय अशा शंकेने पोरं रडली. अण्णांना वाटलं, प्रसंग काळजाला भिडला.

स्वतःचा आवाज सोडला तर जगातलं फारसं काही त्यांना पसंत नव्हतं. पाकिटातलं पीठ म्हणजे भुसा. टीव्हीवरचे बातम्या देणारे म्हणजे पोपट. फोनवर हळू बोलणारा माणूस हटकून कायतरी लपवणारा. सांगलीचं नाव काढलं की ते नाकाने नुसता एक आवाज काढायचे. बायकोविषयी, म्हणजे त्रिशलावहिनींविषयी, त्यांची तक्रार नव्हती. कारण त्या बोलत नसत. बोलायला मधे जागा सापडली तर बोलणार ना. सकाळपासून गिरणीत उभं राहून डबे मोजायचे, पाट्या टाकायच्या, पीठ झाडायचं, आणि घरी येऊन चुलीपुढे उभं राहायचं. मगदुमांच्या घरात आवाज नवऱ्याचा आणि हालचाल बायकोची, अशी वाटणी झालेली होती.

अलीकडे गिरणीत गर्दी राहिली नव्हती. मॉलमधून पाकिटं येत होती. दुपारी दुपारी जातं थांबायचं, आणि त्या शांततेत अण्णा दारात उभे राहून जाणाऱ्यायेणाऱ्याला नावं ठेवायचे. वर्षातले गणपतीचे दिवस तेवढे त्यांचे. बाहेरगावची माणसं मांडवासमोर उभी राहून "आवाज कुनाचा ओ?" विचारायची आणि गल्लीतलं कुणीतरी बोट दाखवायचं. तेवढ्यावर अण्णा पुढचा गणपती येईपर्यंत ताठ चालायचे. म्हणून त्या श्रावणात जे घडलं, ते त्यांना वर्मी लागलं.

तालमीचा अध्यक्ष त्या वर्षी वीरेश झाला. साखर कारखान्यात कारकून, पोरगेलासा, चष्मा लावणारा. चष्मा लावणाऱ्याला तालमीचा अध्यक्ष करणं हीच मुळात घोडचूक, असं अण्णांचं मत होतं आणि ते सगळ्या गल्लीला पाठ होतं. वीरेशने एका रविवारी सगळ्यांना तालमीत बोलावलं, लाल मातीच्या हौद्यामागच्या भिंतीवर चादर बांधली आणि एक इंग्रजी सिनेमा लावला.

सिनेमा विलायतेतला. कुणी एक साहेब, टाय, गोल टोपी, तोंडावर कायम माफी मागितल्यासारखा भाव. त्याला एक दिवसाची सुट्टी मिळते. तो समुद्रावर जातो, भाड्याची घडीची खुर्ची घेतो, ती कापडाची असते तसली, आणि उघडायला लागतो. बस्स. सिनेमा एवढाच. खुर्ची उघडत नाही. उघडली की मिटते. बोट सापडतं, टाय सापडतो, एकदा साहेबच आत सापडतो आणि खुर्चीसकट तुरुतुरु पळतो. चहाचा कप घेतला तर कप सांडतो, कप वाचवला तर साहेब सांडतो. आणि काहीही झालं की तो एकच शब्द म्हणतो, "सॉरी". खुर्चीला सॉरी, कुत्र्याला सॉरी, समुद्राच्या लाटेलासुद्धा सॉरी. दुसरं कुणी काही बोलतच नाही. दिवस मावळता मावळता खुर्ची एकदाची उभी राहते, साहेब टोपी काढून बसणार, एवढ्यात एक म्हातारी दमून येते. साहेब तिच्याकडे बघतो, खुर्चीकडे बघतो, आणि खुर्ची तिला देतो. स्वतः रुमाल पसरून वाळूत बसतो. संपलं.

तालीम हसून हसून गडबडा लोळली. एकटे अण्णा मांडी ठोकून बसले होते. ते शेवटपर्यंत वाट बघत होते, की आता कुणीतरी बोलेल.

"संपला?" दिवे लागल्यावर त्यांनी विचारलं. "बोललंच न्हाय की कोन!"

"तसलाच हाय अण्णा त्यो," वीरेश म्हणाला. "औंदा आपण ह्योच देखावा करायचा. सगळी गल्लोगल्ली तलवारी नाचवत्यात. आपण लोकांस्नी हसवायचं."

"हे?" अण्णा उभे राहिले. "दीडशे वर्षं राज्य केलं की रं ह्यांनी आपल्यावर! आनि ह्यास्नी खुर्ची उघडाय येत न्हाय? आनि आपण हे दाखवून लोकांस्नी काय शिकवायचं? पडायचं कसं? पडाय काय अक्कल लागत्या व्हय? आमच्या गिरणीत रोज एक म्हातारं घसरतंय. लावू तिकीट?"

सगळे पुन्हा हसले, तेही अण्णांना आवडलं नाही. खरं सांगायचं तर अण्णा घाबरले होते. ज्या देखाव्यात कुणी बोलतच नाही, त्यात त्यांचं काय काम? पण घाबरलो हे कबूल करायचं तर आवाज खाली आणावा लागतो, आणि ते त्यांना जमत नव्हतं. म्हणून ते तुच्छतेने बोलत राहिले. घरी जाऊन बोलले, गिरणीत बोलले, गिऱ्हाइकाच्या दळणात हात घालून बोलले. पंधरवडाभर गल्लीने पिठाबरोबर इंग्रजांची निंदा घरी नेली.

वीरेश वाईट मुलगा नव्हता. वडीलधाऱ्या माणसाला डावलायचं कसं, म्हणून एक दिवस तो गिरणीत आला आणि म्हणाला, "अण्णा, साहेबाचं सॉरी तेवढं तुमच्या आवाजात घेऊया का?"

"एका सॉरीसाठी मी घसा गरम करू?" अण्णा कडाडले. "आनि मगदुमाच्या आवाजात सॉरी? किल्लेदार सॉरी म्हनतोय व्हय रं कवा?"

"मग काय करायचं, तुमीच सांगा."

इथे वीरेश चुकला. अण्णांना "तुमीच सांगा" म्हणणं म्हणजे बैलाला हिरवी पेंढी दाखवून वर दावं सोडणं. अण्णांनी सांगितलं, निवेदन पाहिजे. खेळ मुका आहे, तर लोकांना समजणार कसा? खेड्यापाड्याची माणसं येणार, हातकणंगल्याची, मलकापूरची. त्यांना विलायतेतलं काय कळतंय? तर खेळ चालू असताना मागून एक भारदस्त आवाज सगळं समजावून सांगेल. कुणाचा आवाज, ते सांगायची गरज नव्हती. वीरेशने डोकं खाजवलं, आणि हो म्हणाला. सिनेमात नव्हतं तेवढं बोलणं मग अण्णांनी एका आठवड्यात लिहून काढलं आणि स्टुडिओत जाऊन भरून आणलं. ज्या सिनेमात एकच शब्द होता, त्याच्या देखाव्यात श्वास घ्यायला जागा उरली नाही.

साहेब झाला विजयसिंह. हा तालमीतला जुना पैलवान, आता पोट सुटलेला, देहाने हत्ती आणि स्वभावाने गाय. आजवर प्रत्येक देखाव्यात तो भाला धरून मागे उभा असायचा, कारण अण्णांच्या आवाजावर ओठ हलवणं त्याला कधी साधलं नाही. आवाज संपून गेला तरी याचं तोंड उघडंच. पण पडणं त्याला येत होतं. सगळा जन्म मातीत पडण्यात गेलेला माणूस. टाय बांधून, गोल टोपी घालून तो एवढा अवजड देह असा काही हळुवार उधळायचा, की तालमीत सराव बघणारी माणसं भिंतीला धरून हसायची. म्हातारीचं काम वीरेशच्या चुलतीचं, गौराबाईचं होतं, पण ती ऐनवेळी नेसरीला लेकीच्या बाळंतपणाला गेली. मग वीरेश त्रिशलावहिनींकडे आला.

"काकी, बोलायचं काय न्हाय. यायचं आनि खुर्चीवर बसायचं."

"हिला काय जमणार?" अण्णा मधेच म्हणाले.

"बसायचंच हाय न्हवं?" त्रिशलावहिनी म्हणाल्या. "लगीन झाल्यापास्नं बसले न्हाय. तेवढं जमंल."

अण्णांनी ते ऐकलं नाही. ते तेव्हा घशासाठी दूध गरम करायला सांगत होते.

गणपती आले. मांडव उभा राहिला. पडदा रंगवणाऱ्याने विलायतचा समुद्र कधी बघितला नव्हता, त्याने आपला रंकाळा तलाव काढला, पाण्यातल्या दगडी संध्यामठासकट. अण्णा म्हणाले, इंग्रजांना तेवढंच बरं दृश्य. पहिल्या संध्याकाळी गर्दी जमली, पडदा सरकला, विजयसिंह खुर्ची घेऊन आला, आणि स्पीकरमधून अण्णा गरजले:

"रसिक बंधुभगिनींनो! हा पाहा विलायती साहेब! आता तो खुर्ची उघडण्याचा प्रयत्न करील. परंतु अरेरे! त्याचे बोट खुर्चीत सापडणार आहे! पाहा... सापडले!"

विजयसिंहाचं बोट सापडलं. गर्दीने मान डोलावली. सांगितल्याप्रमाणे झालं होतं.

"आता तो उजव्या पायाने खुर्चीला लाथ मारील, आणि स्वतःच उताणा पडेल! पाहा!"

पैलवान उताणा पडला. लोकांनी पुन्हा मान डोलावली. एक म्हातारा "बरोबर" म्हणाला. आणि शेवटी त्रिशलावहिनी स्टेजवर आल्या, खुर्चीवर बसल्या, तेव्हा अण्णांच्या आवाजाने कळस गाठला: "बंधुभगिनींनो! सत्तेची खुर्ची क्षणभंगुर आहे! आज तुमच्या बुडाखाली, उद्या दुसऱ्याच्या! पुढाऱ्यांनो, सावधान! मतदारांनो, जागे व्हा!" यावर टाळ्या पडल्या. म्हातारीकडे कुणी बघत नव्हतं. सगळे आजूबाजूला पुढारी शोधत होते.

अण्णा खूश. ते स्पीकरशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत डोळे मिटून बसायचे आणि स्वतःचा आवाज ऐकायचे. खेळ त्यांनी एकदाही बघितला नाही. आपण काय बोललो ते माहीत असताना बघायचं कशाला? लोक हसत नाहीत याचा त्यांना आनंदच होता. "बघितलंस का," ते वीरेशला म्हणायचे. "इंग्रजाचा माल! एक दात दिसला न्हाय कुनाचा. विषय मातर समजला लोकांस्नी. तेवढं माझ्यामुळं."

वीरेश चष्मा पुसत राहायचा. गर्दी पातळ होत चालली होती. पलीकडच्या गल्लीत तलवारी चमकत होत्या, तिकडे माणसं वळत होती. विजयसिंहाने एकदा धीर करून अण्णांना विचारलं, "अण्णा, मी पडायच्या आदी सांगू नगा की. मला पडावंच वाटंना झालंय."

"येडा का खुळा तू? न सांगता पडलास तर लोकांस्नी वाटंल चुकून पडलास!"

पैलवान "सॉरी" म्हणाला आणि मेकअप करायला गेला.

त्रिशलावहिनींचे त्या दिवसांत जैनांच्या दशलक्षण पर्वाचे उपवास चालू होते. दिवसातून एकदा जेवायचं, सूर्य मावळला की पाण्याचा थेंब नाही. उपवास अण्णांनीही धरला होता, पण घशाचं दूध त्यात मोजायचं नाही असं त्यांनी परस्पर ठरवलं होतं. वहिनी सकाळी बस्तीत, दुपारी गिरणीत, संध्याकाळी मांडवात. दर खेळाला यायच्या, बसायच्या, उठायच्या. अण्णा घरी येऊन विचारायचे, "आज क्षणभंगुर कसं वाटलं? जरा लांबवलं असतं तर बरं झालं असतं न्हाय?" वहिनी अंथरूण घालायच्या.

मग एका संध्याकाळी गिरणीचा पट्टा तुटला. तो दुरुस्त करण्यात अण्णांना उशीर झाला. हातापायाला पीठ, डोक्यावर पीठ, तोंडाने पट्टा बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार चालू. आपल्या आवाजाला आपण हजर नाही या कल्पनेने त्यांना चैन पडेना. पुढून गर्दीतून जायला वेळ लागेल म्हणून ते मांडवाच्या मागून घुसले. तिथे अंधारात बांबू, रिकाम्या खुर्च्यांची चळत, आणि जमिनीवर स्पीकरची वायर सैल पडलेली. अण्णांचा पाय त्या वायरीत गुंतला. त्यांनी झटका दिला, वायरीने उलटा झटका दिला, आणि सहा फुटी शांतिनाथ मगदूम हात हवेत फिरवत, एकदा सावरून, पुन्हा घसरून, शेवटी खुर्च्यांच्या चळतीत सपशेल आडवे झाले. वरची खुर्ची सावकाश घसरत आली आणि त्यांच्या डोक्यावर बसली.

त्याच क्षणी सगळा मांडव हसला.

साधासुधा नाही. पोट धरून, मांडीवर थापा मारून, शिट्ट्या घालून. अण्णांच्या पिठाळलेल्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. बघितलंच लोकांनी! चिंचेखालच्या गल्लीच्या आवाजाला खुर्च्यांत पडलेलं बघितलं! त्यांनी डोक्यावरची खुर्ची भिरकावली, शिवी तोंडात तयार ठेवली आणि वळून बघितलं. मागे कुणीही नव्हतं. एक कुत्रं होतं, तेही दुसरीकडे बघत होतं. आणि मांडव पुन्हा हसला, आधीपेक्षा जास्त.

अण्णांच्या लक्षात आलं, की काहीतरी कमी आहे. त्यांना क्षणभर समजेना काय. मग समजलं. त्यांचा आवाज येत नव्हता. पायात गुंतलेल्या वायरीचं टोक त्यांच्या चपलेपाशी मोकळं पडलं होतं. आपल्याच पायाने त्यांनी आपला आवाज उपटला होता.

ते टोक हातात घेऊन, मागे वायर फरफटत, वीरेशला शोधायला, ते तरातरा मांडवाला वळसा घालून पुढे आले. वीरेशची खरडपट्टी काढायची होती, वायर अशी टाकतात का म्हणून. पण गर्दीच्या मागच्या रांगेत त्यांना थांबावं लागलं, कारण वाट नव्हती. आणि उभं राहिल्यावर समोर बघावंच लागतं.

स्टेजवर विजयसिंह खुर्चीत सापडला होता. अर्धा आत, अर्धा बाहेर. एवढा मोठा पैलवान, टोपी सरळ करायला हात वर करतो तर खुर्ची मिटते, हात खाली घेतो तर टोपी पडते. त्याने गर्दीकडे बघितलं, जणू विचारत होता, आता मी काय करू? मग अगदी हळूच खुर्चीला म्हणाला, "सॉरी." आणि खुर्चीसकट तुरुतुरु पळाला.

एक मोठा, गडगडाटी, बेसूर आवाज मांडवात घुमला. पुढच्या दोन रांगा वळून बघायला लागल्या. हसणारे अण्णा होते. हे वाक्य त्यांनी स्वतः लिहिलं होतं, "आता तो खुर्चीसह पळणार आहे", दर संध्याकाळी चार वेळा ऐकलं होतं. पण पैलवान पळताना एवढा केविलवाणा, एवढा ऐटबाज दिसतो, हे त्यात कुठे होतं? अण्णा डोळे पुसत होते, डोळ्यांत पीठ जात होतं, पुन्हा पाणी येत होतं.

मग त्रिशलावहिनी आल्या.

हातात पिशवी, अंगावर घरचंच लुगडं. दमलेलं चालणं. ते चालणं काही नाटकाचं नव्हतं. साहेबाने टोपी काढून खुर्ची पुढे केली. त्यांनी खुर्चीकडे बघितलं. मग हाताने तिचं कापड दाबून बघितलं, गिरणीत पोतं फाटकं आहे का बघतात तसं. पदराने ते झाडलं, जसं काही त्यावरही पीठ असणार. मग कडेला बसल्या, अगदी टोकाला, कुणी हाक मारली तर लगेच उठता यावं म्हणून. थोडा वेळ वाट बघितली. कुणीच हाक मारली नाही. तेव्हा त्या थोड्या मागे सरकल्या, अजून थोड्या, आणि शेवटी पाठ टेकली. पाय चपलांतून काढले. अंगठ्याने चपला सरळ केल्या. हात मांडीवर ठेवले, आणि त्या रिकाम्या हातांचं काय करायचं हे त्यांना समजत नाही, असं सगळ्या गर्दीला दिसलं. मग हात तसेच राहू दिले, आणि समोर बघत राहिल्या.

बायकांच्या बाजूने कुणीतरी म्हणालं, "बसली बाई एकदाची."

अण्णा हसायचे थांबले. ही हे रोज करत होती? रोज, दर खेळाला, आणि त्यावर आपण सत्ता, पुढारी, क्षणभंगुर ओरडत होतो? गिरणीत हिला बसायला साधं स्टूल नाही, हे त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा आठवलं. ते त्यांना फार लागलं. लाजच वाटली. आणि लाज वाटण्याची सवय नसल्याने, ती कुठे ठेवावी हे त्यांना समजेना. ते वायरीचं टोक मुठीत धरून नुसतेच उभे राहिले.

टाळ्या थांबेनात. पडदा पडला तरी माणसं जागची हलत नव्हती, उलट पलीकडच्या गल्लीतून तलवारी सोडून लोक इकडे यायला लागले होते. वीरेश घाम पुसत गर्दीतून आला. अण्णांना बघून त्याचा चेहरा पडला.

"अण्णा, माफ करा. आवाज गेलता की वो. वायर कुठं निघाली कळंना..." त्याची नजर अण्णांच्या मुठीकडे गेली. "घावली व्हय? द्या हिकडं, लावतो. पुढच्या खेळाला तुमचा आवाज आणतो, काळजी करू नगा."

अण्णांनी टोक दिलं नाही. त्यांनी मोठा श्वास घेतला, नाक वर केलं, आणि चेहऱ्यावर ती ओळखीची तुच्छता आणली, जी त्यांना या वेळी ओढूनताणून आणावी लागली.

"राहू दे," ते म्हणाले. "असल्या पोरखेळाला माझा आवाज कशाला नासायचा? पडत्यात, उठत्यात. ह्यात सांगन्यासारखं हाय काय? फुडल्या साली गडाचं कायतर घ्या, तवा बघू."

वीरेश त्यांच्याकडे बघत राहिला. मग चष्मा पुसून पडद्यामागे गेला. चष्मा लावणाऱ्यांना कधीकधी दिसतं, एवढं मान्य करायला हवं.

अण्णा घरी गेले नाहीत. पुढचा खेळ सुरू झाला तेव्हा ते गर्दीत पुढे घुसून उभे होते. शेजारी हातकणंगल्याचा एक पाहुणा होता, मागचा खेळ बघून पुन्हा थांबलेला, म्हणजे आता जाणकार झालेला. विजयसिंह खुर्ची घेऊन आला तसा पाहुणा मोठ्याने म्हणाला, "आता बोट सापडतंय बगा!" सापडलं. अण्णांनी कपाळाला आठी घातली. "आता उताना!" पाहुणा म्हणाला. अण्णांचे दात एकमेकांवर घासले. स्वतः हेच पाच संध्याकाळी स्पीकरवरून केलं होतं, हे त्यांना आठवत होतं की नाही, देव जाणे. माणूस स्वतःचा आवाज सोडून बाकी सगळ्यांचा आवाज ओळखतो.

खुर्ची उभी राहिली. साहेबाने टोपी काढली. पडद्याची कड हलली आणि त्रिशलावहिनींची पिशवी दिसली.

"हां, आता बगा," पाहुणा चारचौघांना ऐकू जाईल असा बोलला. "आता एक म्हातारी येत्या, आनि ती काय करत्या, म्हाईत हाय का..."

"गप बसा की, पावणं," अण्णा म्हणाले, आणि जन्मात पहिल्यांदा हळू म्हणाले. "माझी बायको हाय ती. बगू द्या."